कांडपाचे पैसे

नर्मदाआत्या यायची तेव्हा आधी आम्हाला शिंका यायच्या आणि मग ती दिसायची. वैरागला तिची पिठाची गिरणी होती आणि गिरणीला लागूनच मिरची कांडपाचं मशीन. कितीही स्वच्छ होऊन, धुतलेलं लुगडं नेसून आली तरी तिच्या पदरात, पिशवीत, केसांत कुठंतरी मिरचीची पूड बसलेली असायचीच. त्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत फीचा कागद पुढ्यात घेऊन बसले होते आणि मला लागोपाठ शिंका आल्या.

"वन्सं आल्या वाटतं," आई आतून म्हणाली.

आत्या दारात चप्पल काढत होती. "काय गं शैला, एवढं काय तोंड पाडून बसलीस?"

"हैदराबादला नंबर लागला," मी म्हटलं.

"मग पेढे दे की. रडतीस कशाला?"

मी रडत नव्हते, शिंकत होते. पण रडण्यासारखी परिस्थिती होती हे खरं. हैदराबादच्या एका सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.साठी माझी निवड झाली होती. सरकारी म्हणजे स्वस्त, एवढ्याच समजुतीवर मी ती परीक्षा दिली होती. कागद हातात पडला तेव्हा कळलं की त्या राज्यातल्या मुलांना एक फी आणि बाहेरून येणाऱ्यांना दुसरी, आणि बार्शीच्या कॉलेजात मिळायची ती सवलत तिकडे चालत नाही. त्यात हॉस्टेल, मेसचं डिपॉझिट. सगळं मिळून पहिल्या वर्षाचे अडतीस हजार. अण्णा, म्हणजे माझे वडील, कापड दुकानात सेल्समन होते आणि त्यांचा वर्षाचा पगार याहून फार जास्त नव्हता.

बँकेत जाऊन झालं होतं. तिथल्या साहेबांनी घराचा उतारा मागितला. आमच्या त्या तीन खोल्यांच्या उताऱ्यावर आजोबांच्या मागे अण्णांचं आणि आत्याचं, दोघांची नावं होती. कर्ज काढायचं तर आत्याची सही लागणार, आणि सही मागायची म्हणजे तिला हिस्स्याची आठवण करून द्यायची. अण्णांनी तो विषय बँकेच्या पायरीवरच सोडून दिला.

आत्यानं कागद हातात घेतला. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण आकडा तिला बरोबर सापडला.

"एवढेच?"

"एवढेच म्हणजे, अक्का..." अण्णा जेवायला घरी आले होते, ते ताटावरून म्हणाले.

"मी देते."

आई तांब्या घेऊन आली होती, ती तांब्या धरून तशीच उभी राहिली. अण्णांनी घास खाली ठेवला. "उसने म्हणून घेतो मग. दर महिन्याला थोडे थोडे..."

"उसने न्हाईत. परत मागणार न्हाई मी. राखीला येते तवा घेऊन येते." मग ती म्हणाली, "माझ्या सुधालापण आणते. तो असल्याबिगर पैशाचं बोलायचं न्हाई."

चहा घेऊन ती साडेतीनच्या एसटीनं गेलीसुद्धा. आणि आमच्या घरात, आनंद व्हायच्या ऐवजी, तिघांच्याही डोक्यात एकदम चक्रं सुरू झाली.

आमच्याकडे संशय हा कुलाचारच होता. अण्णांचा तर तो व्यवसाय. गिऱ्हाईक गादीवर मांडी घालून बसलं की घेणार, उकिडवं बसलं की नुसतं उलगडायला लावणार, हे त्यांनी पंचवीस वर्षांत पक्कं करून ठेवलं होतं. आई भाजीवाल्याचं पारडं खालून बघायची. मी त्या दोघांची मुलगी, त्यामुळे मी त्या दोघांवरही संशय घ्यायची.

"सही मागितली नाही, हिस्सा मागितला नाही, आणि अडतीस हजार द्यायला निघाली," अण्णा म्हणाले. "याच्या बदल्यात घर मागणार ती."

"घर नाही हो," आई म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं बोलायचं टाळलं. त्यामुळे मला ते लगेच समजलं.

आमच्या समाजात मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क. कुणी तसं कागदावर लिहून देत नाही, पण दुसरीकडे स्थळ बघण्याआधी आत्याला विचारावं लागतं आणि न विचारलं तर ती बारशाला आली तरी जेवत नाही. म्हणूनच आमच्यात मुली आतेभावाला राखी बांधत नाहीत. बांधली की तो भाऊ झाला, दार बंद झालं. सुधाकर माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, गिरणी तोच चालवायचा. मी गल्लीतल्या सगळ्या पोरांना राखी बांधली असेल, त्याला कधीही नाही. लहानपणी एकदा बांधायला निघाले होते तर आईनं हात धरून मागे ओढलं होतं. आणि नर्मदाआत्या स्वतः अशीच गेली होती त्या घरात. तिच्या आत्यानं तिला आपल्या मुलासाठी नेलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ती सासू, म्हणजे अण्णांची थोरली आत्या, आदल्याच वर्षी गेली होती.

"तिला जसं नेलं तसं ती नेणार," रात्री आई अण्णांना हळूच सांगत होती. "फी भरायची, उपकारात ठेवायचं, आणि दिवाळीला यायचं नारळ घेऊन."

अण्णा यावर काहीच बोलले नाहीत. ते गप्प बसले याचाही मला संशय आला.

मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकातला ग्रंथालयाचा फोटो मी स्वयंपाकघरात मसाल्याच्या फळीवर उभा करून ठेवला होता. बार्शीत राहिले असते तर बी.एड. करून एखाद्या शाळेत चिकटले असते, किंवा वैरागला गिरणीच्या गल्ल्यावर बसले असते. सुधाकर माणूस वाईट नव्हता, आणि तीच अडचण होती. वाईट असता तर सरळ नाही म्हणता आलं असतं.

त्या चार-पाच आठवड्यांत जे जे झालं ते सगळं संशय वाढवणारंच झालं. आत्यानं शेजारच्या कुलकर्ण्यांच्या फोनवर फोन करून आईला विचारलं, "शैलाला भाकरी येती का गं नीट?" आईनं रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला घामच फुटला. मग एक दिवस सुधाकर बाजाराच्या निमित्तानं आला. आमचा मिक्सर बंद पडला होता, तो त्यानं न सांगता खोलला, कसलासा तुकडा घासला आणि चालू करून दिला. जाताना दारात थांबून मला म्हणाला, "तिकडं रोज भातच असतो म्हणं जेवायला?"

"असेल."

"तुला भात आवडत न्हाई."

हे त्याला कुणी सांगितलं याचा मी पुढे दोन दिवस विचार करत होते.

आणि मग ती साडी. अण्णांनी एका संध्याकाळी दुकानातून एक पुडकं आणलं आणि आईलाही न दाखवता लोखंडी पेटीत, रजईखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेल्यावर मी पेटी उघडली. पोपटी रंगाची, जरीच्या काठाची साडी होती. अण्णांनी आमच्यासाठी आजवर डागी निघालेला मालच आणलेला, आणि ही तर वरच्या कपाटातली. लग्नाच्या बोलणीतच नेसवतात अशी. मी ती जशी होती तशी ठेवली.

"आई, अण्णांनी शब्द दिलाय का कुणाला?" मी विचारलं.

"कसला शब्द?"

"पेटीत साडी आहे."

आई पेटीजवळ गेली, साडी पाहिली, पदर उलगडून हातानं चाचपला. मग पेटी बंद करून म्हणाली, "असं आहे होय." त्याच दुपारी ती बाजारात गेली आणि एक राखी घेऊन आली. लाल गोंडा, मधे मणी, साधीच. देवाच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या करंड्यामागे तिनं ती ठेवली.

"त्या दिवशी सुधाकर येईल ना," ती म्हणाली, "तेव्हा मी खूण करीन. ताट घ्यायचं आणि सरळ बांधायची. एकदा बांधली की कुणाचा बाप काही करू शकत नाही."

"आणि आत्यानं पैसे दिले नाहीत तर?"

आई करंडा सरळ करू लागली. मागून अण्णांचा आवाज आला. ते कधी आले होते कुणास ठाऊक.

"पैसे हातात आल्यावर बांधायची," अण्णा म्हणाले. "आधी नाही."

आम्ही दोघीही त्यांच्याकडे बघत राहिलो. अण्णा सदऱ्याचं बटण काढत होते आणि वर बघत नव्हते.

"गिऱ्हाइकानं पैसे दिल्यावर पुडकं बांधतो ना आपण? तसंच. अक्का एकदा बोलली की पैसे परत घेत नाही. मला माहिती आहे ती."

"आणि ती साडी?" मी विचारलं.

"ती अक्कासाठी. ओवाळणी म्हणून. एवढे पैसे देतीय, तिला ब्लाऊजपीस देऊ काय?"

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. म्हणजे एका हातानं साडी द्यायची, एका हातानं पैसे घ्यायचे आणि ते आत ठेवले की मुलाच्या मनगटाला धागा बांधून त्याला कायमचा बाहेर काढायचं. आमच्या घरात इतका नीट आखलेला बेत मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि सांगायला लाज वाटते, पण मी नाही म्हटलं नाही. फी भरायची शेवटची तारीख शुक्रवार होती आणि राखी मंगळवारी.

मंगळवारी सकाळी आम्हाला शिंका आल्या.

आत्या आणि सुधाकर दोघं आले. सुधाकरनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. माझ्या आठवणीत त्याच्या अंगावर पिठाचा नसलेला पांढरा रंग मी पहिल्यांदाच पाहिला. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे पाहत राहिला. आईनं मला कोपरानं ढोसलं. अर्थ असा की बघ, नवरदेवासारखा बसलाय.

आत्यानं अण्णांना पाटावर बसवलं, ओवाळलं, राखी बांधली, पेढा भरवला. अण्णांनी पेटीतून साडी आणली. तिनं ती हातात घेतली, काठावरून अंगठा फिरवला.

"भीमू, ही वरच्या कपाटातली दिसती."

"तुझ्यासाठीच बघून आणली, अक्का."

"बरी हाय," ती म्हणाली आणि साडी बाजूला ठेवली. मग ती पुन्हा पाटाकडे वळली आणि म्हणाली, "सुधा, बस इथं."

सुधाकर उठून पाटावर बसला. आई देवाच्या फळीकडे सरकली. अण्णांनी तिला डोळ्यांनी थांबवलं, कारण पैसे अजून आले नव्हते. मी भिंतीला टेकून उभी होते. आता ती नारळ काढणार, आता ती माझ्या कपाळाला कुंकू लावणार, आणि मग मी काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आत्यानं पिशवीत हात घातला. तिथून एक राखी बाहेर आली. स्पंजाची, चमकी लावलेली, बशीएवढी मोठी, लहान पोरं हट्टानं घेतात तसली. तिनं ती निरांजनाशेजारी ताटात ठेवली.

"शैला, ये. बांध सुधाला."

आईचा हात करंड्यामागे गेला होता तो तिथंच राहिला. आणि हात गडबडीनं मागे घेताना तिची ती लाल गोंड्याची राखी फळीवरून घरंगळून खाली, अगदी आत्याच्या पायाशी पडली.

आत्यानं वाकून ती उचलली. उलटसुलट करून पाहिली. मग आईकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"तुम्हीबी आणली व्हती होय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "भीमू, ही पैसे घ्यायच्या आधी बांधणार व्हता का मागनं?"

अण्णांनी मान खाली घातली. आई पदराशी चाळा करत राहिली. मला वाटलं, संपलं. आता ती पिशवी उचलेल, मुलाला घेऊन निघेल आणि पुन्हा कधी या घरात आम्हाला शिंका येणार नाहीत. हैदराबाद गेलं ते गेलंच, आणि वर हेही गेलं.

आत्यानं लाल राखी स्पंजाच्या राखीशेजारी ठेवली.

"दोन्ही बांध," ती मला म्हणाली. "एक सुटली तर एक राहील."

मी पुढे झाले. सुधाकरनं हात पुढे केला. मनगट घासून धुतलं होतं, तरी नखांच्या कडेला लाल रेष होती. मी आधी मोठी बांधली, मग लाल. माझी गाठ सैल बसत होती.

"घट बांध," तो म्हणाला. तेवढंच. वर पाहिलं नाही.

त्यानं वर पाहिलं असतं तर मला काय दिसलं असतं, हे मी नंतर कधी स्वतःला विचारायचं धाडस केलं नाही. मी त्याला ओवाळलं. त्यानं शर्टाच्या आत हात घालून एक जाड पाकीट काढलं आणि ताटात ठेवलं. ताट एकदम जड झालं. आणि आम्हाला सगळ्यांना एकदमच शिंका आल्या, अण्णांना तर लागोपाठ चार.

"ओवाळणी हाय," आत्या म्हणाली. "भावानं बहिणीला घातलेली. ओवाळणी कुणी परत मागत न्हाई आन ओवाळणी घेऊन कुणी कुणाचं मिंधं होत न्हाई. म्हणून म्हटलं, सुधा असल्याबिगर पैशाचं बोलायचं न्हाई." मग माझ्याकडे वळून, "भाकरी येती ना? आठवड्याला कडक भाकरी आन शेंगाची चटणी पाठवायची म्हटलं तर पाठवीन, पण ताजी तुला थापावी लागंल. नुसत्या भातावर राहू नको."

आईनं तोंडाला पदर लावला होता. शेवटी तीच बोलली. "वन्सं, एवढं सगळं... सरळ सांगितलं असतं तर."

"सरळ सांगितलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं असतं का गं, मंदा?"

खरं वाटलं नसतं. मलाही नसतं वाटलं.

"पण कशासाठी, अक्का?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता, तो शिंकांनी की कशानं ते कळत नव्हतं. "समाजात रीत आहे. तुझा हक्क होता. सुधाला मुलगी..."

"भीमू, तू केवढा व्हतास तवा? धा वर्षांचा?"

अण्णांनी होकारार्थी मान हलवली.

"सोलापूरला मास्तरणीच्या कॉलेजात घातलं व्हतं मला," आत्या माझ्याकडे बघून म्हणाली. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. "फी थोरल्या आत्यानं भरलेली. किती चांगली आत्या, म्हणून गल्लीभर नाव झालं. दिवाळीला घरी आले तर दारात मांडव. म्हटलं, वर्ष तरी पुरं करू दे. तर म्हणाली, आता कशाला शिकायचं, ज्या घरात जायचं त्याच घरचे पैसे हायेत. ट्रंक सोलापूरलाच राहिली. हा गेला व्हता आणायला, आमच्या बाबांबरोबर." तिनं अण्णांकडे बोट केलं. "माझी पुस्तकं डोक्यावर घेऊन आला आन बाबांनी ती रद्दीत घातली."

तिनं साडीची घडी उचलून पिशवीत ठेवली. पिशवीचे बंद आवळले.

"माझ्या वेळी कुणी राखी आणली न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या आजीनं न्हाई, आजोबांनी न्हाई. एक धागा बी कुणी आणला न्हाई. तुझ्या आईनं आणली, बरं केलं तिनं."

मग ती जेवायला बसली आणि पोटभर जेवली. सुधाकरनं दोन्ही राख्या तशाच ठेवून जेवण केलं. स्पंजाची राखी आमटीत बुडत होती, तरी त्यानं ती काढली नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा दुकानातून सुट्टी काढून माझ्याबरोबर बँकेत आले. हैदराबादच्या नावानं ड्राफ्ट काढायचा होता. खिडकीतल्या कॅशियरनं पाकिटातून नोटा काढल्या, बोट ओलं केलं आणि मोजायला सुरुवात केली. विसाव्या-पंचविसाव्या नोटेला तो शिंकला. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला आणि पुन्हा शिंकला. मग त्यानं गठ्ठा नाकाशी नेऊन पाहिला आणि चष्म्यावरून आमच्याकडे संशयानं बघितलं.

"कसले पैसे हो हे?"

"ओवाळणीचे," अण्णा म्हणाले.

"अडतीस हजार ओवाळणी? कुणी कुणाला घातली?"

अण्णा खिडकीचा गज धरून उभे होते. मनगटावर कालची राखी होती. मला वाटलं, ते नेहमीसारखं काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील.

"घालायची मी होती," ते म्हणाले. "घातली तिनं."

कॅशियरला त्यातलं काही कळलं नाही. तो पुन्हा एकदा शिंकला, रुमालानं बोटं पुसली आणि तिसऱ्यांदा मोजायला लागला.